ढोलीत हात घालून पाहा : आपल्या घरातील साठवणीचा इतिहास

स्मरणिकेसाठी "समाजाचा इतिहास" या विषयावर काहीतरी लिहा, असे समितीने आम्हाला सांगितले. आता समाजाचा इतिहास म्हटला की महाडचे तळे, नाशिकचे मंदिर आणि नागपूरची दीक्षाभूमी हे आलेच, आणि ते यायलाच पाहिजे. परंतु आम्ही दोघे-तिघे विहाराच्या ओट्यावर कागद घेऊन बसलो असताना शेजारच्या आजीबाई सहज म्हणाल्या, "तुमी एवढं लिवता रे पोरहो, पन आमी काय खाऊन जगलो, हे कोनी लिवते का?"

आम्ही कागद बाजूला ठेवला. खरेच, कोणी लिहिले नाही. मग वस्तीतल्या चार-पाच घरी जाऊन बसलो, जुन्या बायकांना विचारलं, आणि स्वतःच्या घरचं जे आठवत होतं ते त्यात घातलं. त्यातून हा लेख झाला आहे. लेखात चूलही आहे आणि इतिहासही आहे. दोन्ही वेगळे करता येतात असे आम्हाला वाटत नाही.

धानोऱ्याच्या नावातच धान आहे. गडचिरोलीहून पूर्वेला छत्तीसगडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कठाणीच्या काठचा हा मुलूख. आजूबाजूला जंगल, आणि जंगलात जिथे जिथे पाणी थांबते तिथे बांधी. पीक एकच, धानाचे. पण धान पिकवणाऱ्याच्या घरी धान असते, असा जर कोणाचा समज असेल तर त्याने आमच्या आजीच्या घरची ढोली पाहायला पाहिजे होती.

ढोली म्हणजे बांबूच्या कमच्यांची विणलेली, आतून-बाहेरून शेणामातीने लिपलेली, पुरुषभर उंचीची कोठी. लहान असली तर कणगी. नव्या पोरांनी ती फक्त चित्रातच पाहिली असेल. ज्याच्या घरी दोन ढोल्या तो बरा माणूस, ज्याच्या घरी चार तो पाटील, आणि आपल्या वस्तीत बहुतेक घरी एक, तीही अर्धी. पोरगी द्यायची झाली तर जुनी माणसं घर पाहायची नाहीत, ढोली पाहायची. आणि नुसती पाहायची नाहीत. "हात घालून पाय, बूड लागते का," असे आजी सांगायची. काही हुशार घरवाले म्हणे ढोलीत खाली तणीस भरून वरून दोन पायल्या धान पसरायचे. हे ऐकून आम्ही हसलो, पण आजी हसली नाही.

ढोली अर्धी का राहत होती, ते समजण्यासाठी जमिनीकडे पाहावे लागते. इंग्रजांच्या काळात हा भाग मध्य प्रांतातील चांदा जिल्ह्यात होता. मुरुमगाव, रांगी, खुटगाव अशा लहान-मोठ्या जमीनदाऱ्या येथे होत्या, आणि पश्चिमेकडे मालगुजारी. १९५१ साली मालगुजारी-जमीनदारी कायद्याने संपली. कागदावर संपली ती त्या साली संपली, गावात संपायला पुढे बराच काळ लागला. आपल्यातली काही घरे विणकरीची होती, काही कोतवालकीची, थोड्यांकडे थोडी बांधी होती, बाकी सगळे मजूर. सालभराचा गडी म्हणून राहिलेल्या माणसाचा पगार खंडीत आणि कुडोत ठरायचा, पैशात नाही. आषाढात घरचं संपलं की त्याच मालकाकडून धान उसने आणायचे, आणि कापणी झाली की दीडपट, सव्वापट परत करायचे. म्हणजे खळ्यावर मजुरीचे धान हातात येण्याच्या आधीच त्यातले अर्धे गेलेले असायचे.

म्हणून वर्षाचा हिशेब असा : दिवाळीनंतर कापणी, मग पुंजणे, मग चुरणे. त्या दिवसांत घराघरात भाताचा वास. बायका कापलेल्या बांधीत सरवा वेचायच्या, पोरं उंदरांची बिळं खोदायची. उंदीर लोंब्या तोडून बिळात नेऊन ठेवतो, ते आम्ही काढून आणायचो. उंदराची ढोली आमच्या ढोलीपेक्षा भरलेली, असे तेव्हा वडीलधारे गमतीने म्हणायचे. माघ-फाल्गुनापर्यंत ठीक. चैत्रात मोह. ज्येष्ठापासून हात ढोलीच्या बुडाला लागायला सुरुवात. आणि रोवणीच्या दिवसांत, जेव्हा दिवसभर चिखलात वाकून सगळ्यात जास्त काम करायचे, तेव्हाच घरात सगळ्यात कमी.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला सांगितले आहे की मिळकतीचे चार भाग करावेत. एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यात, आणि चौथा आपत्तीसाठी राखून ठेवावा. विहारात हे सुत्त वाचले जाते तेव्हा सगळे मान डोलावतात. आमच्या आजीने ते आयुष्यात उशिरा ऐकले. ती म्हणाली, "चवथा भाग आमी ठेवत होतो बापा. पयले तीन कुठं होते?"

आता साठवणीच्या युक्तीबद्दल. ढोलीत तांदूळ कधी भरत नसत, धानच भरत. टरफलासकट धान वर्ष-दोन वर्ष सहज टिकते. कांडलेल्या तांदळाला मात्र दोन महिन्यांत टोके लागतात, जाळी धरते. म्हणून आठवड्यापुरते काढायचे, उन्हात टाकायचे, उखळात कांडायचे, सुपाने पाखडायचे. तांदूळ वेगळा, कणी वेगळी, कोंडा वेगळा. तांदूळ पाहुण्याला, कणी घरच्यांना, कोंडा कोंबड्यांना, आणि वाईट दिवसांत कोंड्याचाही काही भाग घरच्यांनाच. ढोलीत कडुलिंबाचा पाला, निरगुडीचा पाला. डाळीला राख चोळून ठेवायची, किंवा एरंडीच्या तेलाचा हात फिरवायचा.

दीघ निकायात अग्गञ्ञ सुत्त आहे. त्यातील गोष्ट आपल्या धानाच्या मुलखात मुद्दाम सांगण्यासारखी आहे. सुरुवातीला म्हणे तांदूळ टरफलाशिवायच उगवत होता. सकाळी आणावा तर संध्याकाळी पुन्हा पिकलेला, संध्याकाळी आणावा तर सकाळी पुन्हा तयार. मग एका आळशी माणसाने विचार केला, दोनदा कशाला जा, एकदाच आणू. दुसऱ्याने दोन दिवसांचा आणला, तिसऱ्याने चार, चौथ्याने आठ. साठवण सुरू झाली तसा दाण्याला कोंडा आला, टरफल आले, कापलेले पुन्हा उगवेना. मग शेताला बांध पडले, मग चोरी आली, खोटे बोलणे आले, मारणे आले, आणि शेवटी लोकांनी भांडणे मिटवायला एकाला राजा निवडले व त्याला आपल्या तांदळातला वाटा द्यायचे ठरवले. राजा वरून आला नाही, लोकांनी नेमला, हे या सुत्तातील मोठे तत्त्व आहे आणि त्यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. आमचे लक्ष मात्र कोंड्याकडे गेले. ज्या टरफलाला सुत्त साठवणीच्या हावेचा परिणाम म्हणते, त्याच टरफलाच्या भरवशावर आमच्या आया वर्ष काढत होत्या. हाव वेगळी आणि आषाढाची काळजी वेगळी. हे दोन्ही साठवणच दिसतात, पण एकाच्या ढोल्या चार असतात.

धानाशिवाय घरात काय असायचे? सगळ्यात आधी लाखोळी. धान उभे असतानाच, कापणीच्या आधी, ओल्या बांधीत लाखोळी फेकून द्यायची. नांगर नको, पाणी नको. त्याला उतेरा म्हणतात. गरिबाची डाळ ती हीच. तिचे वरण, तिचे बेसन, तिच्या वड्या, तिच्या पाल्याची भाजी. वाळलेला पालाही ठेवायचे. १९६१ साली केंद्र सरकारने या डाळीच्या विक्रीवर बंदी घालण्याचा नियम केला, कारण लाखोळीत एक विषारी द्रव्य असते आणि तीच डाळ महिनोन् महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय कायमचे लुळे पडतात. मध्य प्रदेशात रीवा भागात वेठबिगार मजुरांना मजुरीच लाखोळीत दिली जात असे आणि तिथे असे पांगळे झालेले लोक पुष्कळ होते. आपल्याकडे लोक भातासोबत खात होते, म्हणून तितके दिसले नाही. येथे आम्हाला एक म्हणावेसे वाटते. बंदी डाळीवर आली. ज्याने मजुराला दुसरे काही खायला ठेवलेच नाही त्याच्यावर कशाची बंदी आली? बंदी असली तरी आपल्या बांध्यांत लाखोळी पिकतच राहिली. तिच्या विरोधात आणि बाजूने नागपुरात पुष्कळ वाद झाला, उपोषणेही झाली. अलीकडे रतन, प्रतीक, महातिवडा असे कमी विषाचे वाण आले आहेत. जुन्या बायका डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून देत. का, ते त्यांना कोणी शिकवले नव्हते. पण तेच बरोबर होते. वरचेवर खाण्यात काही नाही, रोज फक्त तीच खाऊ नये, एवढे घरच्यांनी लक्षात ठेवावे.

दुसरी साठवण मोहाची. फाल्गुन-चैत्रात पहाटे उठून फुले वेचायची, अंगणात वाळवायची, मडक्यात दाबून भरायची. मोह म्हटले की बाहेरच्यांना दारूच आठवते. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती बायकांनी लढून आणली, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण वाळलेला मोह हे अन्न होते, हेही खरे आहे. लाखोळीसोबत उकडून, भाजून, कुटून, लाडू करून आषाढ-श्रावण निघायचा. मोहाच्या बियांचे म्हणजे टोळीचे तेल चुलीवरही आणि दिव्यातही.

मग वाळवणं. वांग्याच्या फोडी, टमाटे, अंबाडीची फुले, चिंच, उडदाच्या वड्या, बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते, नदी-बोडीतले बारीक मासे उन्हात वाळवून. जवसाची चटणी मिठासोबत कुटून. मीठ मात्र बाजाराचे. रानातला माणूस मिठासाठीच बाजाराला जायचा आणि चारोळी, हिरडा, मोह देऊन मूठभर मीठ आणायचा. मिठाचे मडके चुलीजवळ, नाहीतर पावसाळ्यात त्याचे पाणी. ह्या सगळ्यावर रोवणीहून सांजच्याला आलेली बाई अर्ध्या तासात जेवण करायची. कणीचा भात, वाळल्या वांग्याचे आंबट, वरून जवसाची चटणी. आजकाल पाच मिनिटांत होणाऱ्या पाकिटांची जाहिरात टीव्हीवर लागते तेव्हा आमच्या वहिनी म्हणतात, "आमची पाच मिनिटं चैतातच करून ठेवली राहत होती."

आता ज्या गोष्टीवर वस्तीत कोणी मोकळे बोलत नाही, तिकडे येऊ. मेलेल्या जनावराचे मांस. ते एका दिवसात संपायचे नाही, म्हणून त्याच्या पट्ट्या कापून दोरीवर वाळवायचे. त्यालाच चान्या म्हणत. वाळलेल्या चान्या मडक्यात भरल्या की महिनोन् महिने टिकत आणि पावसाळ्यात एक-एक तुकडा लाखोळीत पडायचा. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातील अशा जेवणावर 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली लिहिले तेव्हा पहिल्यांदा हे सगळे छापील पाहिले. आम्ही दोघांनी ते वाचले आणि एकाने घरच्यांपासून लपवले, हे येथे कबूल करतो.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस आणि शिळ्यापाक्या तुकड्यांची भीक सोडायला सांगितले, ते आपण दरवर्षी ऐकतो. ऐकताना वाटते की सांगितले आणि लोकांनी सोडले. पण एका घरातल्या बाईच्या बाजूने विचार करा. तिच्या मडक्यांपैकी दोन मडकी रिकामी झाली. त्यांच्या जागी काय? कोणी काही दिले नव्हते. आमच्या वस्तीत हे एका वर्षात झाले नाही. काही घरांनी आधी सोडले, काहींनी १९५६ नंतर. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली आणि दोनच दिवसांनी १६ तारखेला चांद्याला. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने बाबासाहेब चंद्रपूरला आले, आणि आपल्या भागातील लोक पायी, बैलगाडीने निघाले. आजीने त्या वाटेची शिदोरी आम्हाला सांगितली : भाजलेल्या तांदळाचे पीठ, गूळ, मिरची-मीठ, आणि तीन दिवस टिकतील अशा भाकरी. ऑक्टोबर म्हणजे धान कापायच्या आधीचे दिवस. ढोली तेव्हा रिकामीच असते. ते पीठ उसन्या धानाचे होते. परत आल्यावर आजीच्या सासूने चान्यांचे मडके घराबाहेर नेऊन फोडले. त्या पावसाळ्यात आणि पुढच्या पावसाळ्यात काय खाल्ले, असे विचारले तर आजी म्हणते, "कमी खाल्लं."

ते दोन शब्द आम्ही वहीत तसेच लिहून घेतले.

६ डिसेंबर १९६४ ला दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह केला. लोकांना त्यातील जमिनीची मागणी आठवते. परंतु धान्याच्या वाढत्या भावाचा आणि गरिबाला धान्य मिळण्याचा प्रश्नही त्यात होता. त्या वेळी देशात खरेच धान्य कमी होते. अमेरिकेशी १९५६ साली झालेल्या करारातून गव्हाची जहाजे येत होती. १९६५ च्या जानेवारीत भारतीय अन्न महामंडळ सुरू झाले. १९७२ च्या दुष्काळात राशनमध्ये मिलो आला, लाल ज्वारी. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्याला तो आठवतो. भात खाणाऱ्या माणसाला ज्वारीची भाकर आधीच अवघड, त्यात ती लाल आणि जड. पोरांची पोटे दुखायची. तरी ढोलीच्या बाजूला पहिल्यांदा पोते उभे राहिले ते त्या सालापासून. पोते उभे राहिले तेव्हा आजीला आनंद झाला की नाही, ते तिला आता सांगता येत नाही.

धान्याच्या गोष्टीत आपल्या माणसाचे एक नाव आले पाहिजे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तेथील दादाजी रामाजी खोब्रागडे हे दीड एकराचे दलित शेतकरी. १९८३ साली त्यांना आपल्या पटेल-३ धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणा बारीक, रंग जरा पिवळा. दुसरा असता तर सगळ्यांसोबत चुरून टाकल्या असत्या. दादाजींनी त्या वेगळ्या काढून ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या, पुन्हा त्यातून निवडल्या. अशी काही वर्षे गेली. तांदूळ बारीक, शिजायला चांगला, उतारा भरपूर. बाजारात गेला तेव्हा नाव नव्हते. त्या काळी एचएमटी घड्याळाचा बोलबाला होता, व्यापाऱ्याने तेच नाव दिले. आज आपण दुकानात जो एचएमटी तांदूळ मागतो तो हाच. पुढे कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही-एचएमटी' या नावाने वाण आणला. त्या नावात दादाजी कुठे नाहीत. २००५ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा सत्कार झाला. दादाजींनी आणखीही वाण काढले, नांदेड चिन्नोर, दीपकरत्न, डीआरके. शेवटच्या आजारात ते आपल्याच तालुक्यात, चातगावजवळच्या शोधग्रामच्या दवाखान्यात होते, आणि ३ जून २०१८ ला गेले.

आम्ही हे विस्ताराने लिहिले त्याला कारण आहे. घरातल्या साठवणीत सगळ्यात वरची जागा बियाण्याची. आढ्याला टांगलेली ती लहान पोटली. उपाशी राहिले तरी तिला हात लावायचा नाही, हा नियम घरोघरी होता. दादाजींजवळ जमीन नव्हती म्हणावी इतकी थोडी होती, पण पोटलीत काय ठेवायचे याची नजर होती.

राशनचा पुढचा इतिहास बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. १९९७ ला कार्डांचे वर्ग झाले आणि पिवळ्या कार्डासाठी भांडणे लागली. आमच्यापैकी एकाच्या घराचे नाव अकारण यादीतून गेले आणि परत यायला तीन वर्षे लागली. त्या काळात माय दर महिन्याला रिकामी पिशवी घेऊन जायची आणि रिकामी आणायची. डिसेंबर २००० मध्ये अंत्योदय आले, २०१३ ला अन्न सुरक्षा कायदा. आता अंत्योदय घराला महिन्याला ३५ किलो, बाकीच्यांना माणशी ५ किलो, आणि २०२३ च्या जानेवारीपासून तेही फुकट. आषाढातला तो बुडाला लागणारा हात या कायद्याने थांबवला, हे मान्य केलेच पाहिजे. कोरोनात २०२० साली गावाचे रस्ते बंद झाले तेव्हा वस्तीत कोणी उपाशी झोपले नाही, ते या पोत्यामुळे.

पण पोत्यात तांदूळ येतो, धान नाही. तो दोन महिन्यांत खाऊन संपवावाच लागतो. हल्ली त्यात जीवनसत्त्व व लोह घातलेले दाणे मिसळलेले असतात. महाराष्ट्रात त्याचा पहिला प्रयोग गडचिरोली जिल्ह्यातच झाला. ते दाणे वेगळे दिसतात, म्हणून बायका ते प्लास्टिकचे समजून निवडून फेकतात. ते प्लास्टिक नाही, तांदळाच्या पिठाचेच आहे, ते फेकू नये. येथे इतकेच सांगतो. बाकी घरात तांदूळ भरपूर झाला आणि इतर मडकी गेली. लाखोळीच्या जागी दुकानची तूरडाळ, तीही भाव चढला की पातळ. जवस कोणी पेरत नाही. वाळवण करायला बायकांना वेळ नाही, कारण त्या आता बचत गटात आहेत, अंगणवाडीत आहेत, गडचिरोलीला कामाला जातात. हे वाईट झाले असे आम्ही म्हणणार नाही. उखळ गेले याचे दुःख ज्याने कधी कांडले नाही त्यालाच होते. आमच्या आजीला विचारले, उखळाची आठवण येते का? ती म्हणाली, "खांद्याले येते."

तरी एक गोष्ट काही घरांनी पुन्हा सुरू केली आहे. चैत्रात चार-पाच घरच्या बायका विहारामागच्या अंगणात एकत्र बसून वांगी-टमाटे चिरून वाळवतात, उडदाच्या वड्या घालतात, जवस बाहेरून आणून चटणी कुटतात आणि डबे वाटून घेतात. एका सकाळचे काम. कामावरून थकून आलेल्या सुनेला मग भाताचा कुकर लावला की बाकी डब्यातले पुरते.

विहाराच्या भिंती उभ्या राहत होत्या तेव्हाही असेच झाले होते. पैसे नव्हते. प्रत्येक घरी एक मडके ठेवले होते, आणि भात टाकण्याआधी बाई त्यात एक मूठ तांदूळ टाकायची. पौर्णिमेला मडकी विहारात आणून एकत्र करायची, ते तांदूळ बाजारात विकायचे, त्यातून विटा. त्या वर्षी पावसाळ्यात ज्यांच्या ढोल्या रिकाम्या होत्या त्यांचीही मडकी यायची. कोणाच्या मडक्यात किती, हे पाहायचे नाही असे ठरले होते. म्हणून सगळी मडकी फडक्याने तोंड बांधून यायची.

त्यातले एक मडके आजींच्या घरी अजून आहे. त्यात आता चहापत्ती असते.